सीआरपी वाढला म्हणतात तेव्हा

अगं, आधी शांत हो आणि मग हे वाच. तुझ्या जावेच्या बाळाचा सीआरपी १३ आला, त्याला पेटीत ठेवलं, सुया सुरू झाल्या, आणि तेव्हापासून घरात एकच विषय चाललाय, हे कळलं मला. नॉर्मल केलं म्हणून बाळाला इन्फेक्शन झालं, शेजारच्या कॉटवरच्या सिझरच्या बाळाचा आकडा बघा, जेमतेम २ आला, त्यापेक्षा आपण सिझरच करून घेऊ. तुला आठवा महिना संपत आलाय. या दिवसांत कानावर पडलेलं मनातून लवकर जात नाही, म्हणून फोनवर दोन वाक्यांत न सांगता सगळं सविस्तर लिहून पाठवतेय.

माझी नोकरी नवजात विभागातली. तिथे एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. पहिल्या दोन दिवसांतला हा आकडा जंतूंबद्दल काही सांगतो, आणि बाळ जन्माला कसं आलं याबद्दलही बरंच काही सांगतो. हे ठाऊक नसलं की नॉर्मलच्या बाळाचा आकडा आजारासारखा वाटतो आणि सिझरच्या बाळाचा कमी आकडा बघून माणसं उगाच निर्धास्त होतात. दोन्हीकडे नुकसान बाळाचंच.

सीआरपी म्हणजे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठे दाह सुरू झाला, की पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा एक निरोप्या रक्तात सोडतात. तो यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी बनवायला घेतं. निरोप्या काही तासांतच रक्तातून दिसेनासा होतो. सीआरपीचं तसं नाही. तो सहा-आठ तासांनी वाढायला लागतो, दीड-दोन दिवसांत सर्वांत वर जातो, आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. आणि यकृत काही चौकशी करत नाही. निरोप जंतूंमुळे आला, मार लागल्यामुळे आला, की जन्माच्या धडपडीतून आला, ते त्याला कळत नाही. तिन्ही वेळा ते तेच प्रथिन बनवतं.

आता प्रसूतीकडे बघ. कळा म्हणजे नुसतं आकुंचन नव्हे. गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं, उघडतं, तेव्हा तिथे पांढऱ्या पेशी जमतात, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, इंटरल्युकिन-६ आणि ८ वाढतात. एका अर्थी प्रसूती हाच एक आखीव, वेळेवर सुरू होऊन वेळेवर थांबणारा दाह आहे. बाळही त्यात नुसतं पडून नसतं. प्रत्येक कळेला त्याचं डोकं दाबलं जातं, त्याचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो, त्याच्या अंगात अ‍ॅड्रिनालिनच्या जातीची संप्रेरकं आणि कॉर्टिसॉल उसळतं. स्वीडनच्या ह्युगो लागरक्रांट्झ या बालरोगतज्ज्ञाने १९८६ साली या जन्मताणावर लिहिलं होतं, आणि त्याचं म्हणणं असं की हा ताण बाळाला हवाच असतो. फुप्फुसांतलं पाणी शोषलं जायला, श्वास नीट सुरू व्हायला, साखर टिकून राहायला तोच मदत करतो. कळा सोसून आलेल्या बाळाच्या नाळेच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त सापडतं आणि पुढच्या दिवशी सीआरपी जास्त येतो, तो यामुळे. आईचा सीआरपी वारेतून बाळाकडे फारसा जात नाही. म्हणजे तो आकडा बाळाचा स्वतःचा असतो, त्याच्या यकृताने त्याच्या ताणाला दिलेलं उत्तर.

इथे एक बारीक मुद्दा आहे, तो नीट लक्षात ठेव, कारण घरातल्या चर्चेत तोच निसटतो. फरक बाळ कुठल्या वाटेने बाहेर आलं याने पडत नाही, कळांनी पडतो. तारीख ठरवून, कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर केलं, तर बाळाचे आकडे सगळ्यांत कमी येतात. पण बारा तास कळा दिल्या, डोकं खाली सरकेना, ठोके कमी झाले म्हणून घाईने सिझर करावं लागलं, तर त्या बाळाचा सीआरपी नॉर्मलच्या बाळाइतका, कधीकधी त्याहूनही जास्त येतो. दोन्ही सिझरच. फाइलवर शब्द एकच, पण आतली गोष्ट वेगळी. व्हॅक्यूम किंवा चिमटा लावला, डोक्याला सूज आली, बाळाने पोटात शी केली आणि ती श्वासात गेली, आईला कळांमध्ये ताप आला, पाणी जाऊन बराच वेळ झाला, यातल्या कशानेही आकडा वर सरकतो. उलट दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं यकृत कच्चं असतं, त्यामुळे खरंच इन्फेक्शन असूनही त्याचा सीआरपी फार वाढत नाही. म्हणून आठव्या महिन्यातल्या बाळाचा कमी आकडा बघून मी कधी निःश्वास टाकत नाही.

मग किती म्हणजे जास्त? बहुतेक ठिकाणी १० मिलिग्रॅम प्रति लिटर ही रेघ धरतात. पण पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांची रक्तं तासातासाने तपासली, तेव्हा असं दिसलं की जन्मावेळी वरची मर्यादा ५ च्या आसपास असते, पहिला दिवस संपता संपता ती १३-१४ पर्यंत चढते, आणि चौथ्या दिवशी पुन्हा १० च्या आसपास उतरते. म्हणजे एखाद्या धडधाकट बाळाचा आकडा विसाव्या-बाविसाव्या तासाला १३ येऊ शकतो. तुझ्या जावेच्या बाळाला काहीच झालं नसेल, असं मी म्हणत नाहीये. त्याला न बघता तसं कुणीच म्हणू नये. नुसत्या त्या एका आकड्यावरून इन्फेक्शन आहे असंही म्हणता येत नाही, एवढंच माझं सांगणं आहे.

रिपोर्टवर आणखी एक गोंधळ असतो. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. १० प्रति लिटर आणि १ प्रति डेसिलिटर हे एकच. एका ठिकाणी १.२ आणि दुसऱ्या ठिकाणी १२ बघून 'दहापट वाढला' म्हणून रडणारे बाप मी पाहिलेत. लहान गावात अजून लॅटेक्सची चाचणी करतात, त्यात नुसतं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह येतं, आणि ते पॉझिटिव्ह ६ च्या आसपासच होतं. पहिल्या दिवशीच्या बाळात त्या पॉझिटिव्हला फारच थोडा अर्थ आहे.

मोठ्या हॉस्पिटलात प्रोकॅल्सिटोनिनही करतात, पीसीटी म्हणतात ते. त्यात तर आणखी जपून राहावं लागतं. मोठ्या माणसात ०.५ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, पण निरोगी नवजात बाळात जन्मानंतर २४ तासांच्या सुमारास ते आपसूकच त्याच्या कित्येक पट चढतं आणि ४८ ते ७२ तासांत उतरतं. म्हणून तासाप्रमाणे आखलेल्या तक्त्यावर ठेवूनच ते वाचायचं असतं. तसं नीट वाचलं तर त्याचा उपयोगही होतो. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताक इथल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून १७०० हून जास्त बाळांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. पीसीटी बघून अँटिबायोटिक कधी थांबवायचं ते ठरवलं, तेव्हा औषधाचा सरासरी काळ ६५ तासांवरून ५५ वर आला. पांढऱ्या पेशींचंही तसंच. 'काउंट वाढलेत' हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत बॉम्ब पडावा तसं पडतं, पण जन्मल्या जन्मल्या बाळाच्या पेशी ९ हजारांपासून ३० हजारांपर्यंत असू शकतात, आणि कळा सोसलेल्या बाळाच्या त्या जास्तच असतात.

तू विचारशील, मग डॉक्टर सुया सुरू तरी का करतात? हे मला मनापासून सांगायचंय, कारण डॉक्टरांवर संशय घेणारी माणसंही याच घरात आहेत. नवजात बाळात रक्तातलं इन्फेक्शन तासांच्या हिशोबात पसरतं. सकाळी थोडंसं मलूल असलेलं बाळ संध्याकाळी व्हेंटिलेटरवर गेलेलं मी पाहिलंय. बाळाकडे बघून शंका आली, तर रक्ताचं कल्चर घेऊन पहिला डोस लगेच देणं हेच बरोबर. तिथे 'ताईने सांगितलंय की आकडा वाढतोच' असं म्हणून कुणी सुई अडवली, तर मला फार वाईट वाटेल. मी हे लिहितेय ते सुरू करण्याबद्दल नाही. थांबवायचं कधी, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची सूचना अशी की अँटिबायोटिक सुरू करताना सीआरपी बघा, १८ ते २४ तासांनी परत बघा, आणि कल्चर निगेटिव्ह, बाळ छान, सीआरपीचा कल दिलासा देणारा असेल, तर ३६ तासांनी औषध थांबवण्याचा विचार करा. जुना एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे १९९८ चा. त्यात जन्मानंतर ८ ते २४ तासांमध्ये एक आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी एक, असे दोन्ही सीआरपी नॉर्मल आले, तर इन्फेक्शन नसण्याची खात्री ९९ टक्क्यांहून वर निघाली होती. सीआरपीचा खरा गुण हाच. इन्फेक्शन आहे हे तो तितकं नीट सांगत नाही, नाही हे फार चांगलं सांगतो, आणि तेही दोनदा विचारल्यावर.

उगाच लांबवलेल्या अँटिबायोटिकची किंमत आपल्या देशात जास्त आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांमधला नवजात बाळांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षतेत आलेल्या १३ हजारांहून जास्त बाळांपैकी १४.३ टक्क्यांना सेप्सिस होता, त्यातली बहुतेक पहिल्या तीन दिवसांतली, आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला असे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. ज्या बाळाला औषध लागत नाही त्याला ते दिलं, की ज्याला खरंच लागेल त्याच्यासाठी ते बोथट होत जातं. शिवाय त्या बाळाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर राहतं, अंगावरचं दूध मागे पडतं, आणि बिल वाढतं ते वेगळंच.

तर आकड्यापेक्षा मोठं काय? बाळ. आणि हे सांगायला मला आपल्याच गडचिरोलीपलीकडे जावं लागत नाही. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केलं. तिथे ना लॅब, ना सीआरपी. त्या बाया बघायच्या: काल नीट ओढणारं बाळ आज ओढेनासं झालं का, रडणं क्षीण झालं का, हातपाय सैल पडलेत का, अंग गार लागतंय की तापलंय, पोट फुगलंय का, उलट्या होतात का, श्वासाला छाती आत जाते का, बेंबीतून पू येतो का. यातल्या दोन खुणा एकदम दिसल्या की सेप्सिस समजून घरीच इंजेक्शन आणि औषध. १९९९ मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं, तेव्हा त्या गावांतला नवजात मृत्युदर तीन वर्षांत हजारी ६२ वरून २५ वर आलेला होता. इतक्या बाळांचा जीव नुसत्या नीट बघण्याने आणि वेळेवर औषध देण्याने वाचला. आज आशाताई घरी येऊन बाळाला बघतात, ती पद्धत २०११ पासून देशभर गेली, तिचं मूळ तिथेच आहे. आमच्याकडे लाखोंची यंत्रं आहेत, तरी मी ड्यूटीवर आल्या आल्या आधी बाळ बघते, मग फाइल उघडते.

आता सिझरबद्दल, कारण तुझ्या मनात ते घोळतंय. शेजारच्या बाळाचा २ आला तो त्याने कळा सोसल्या नाहीत म्हणून. त्यावरून ते जास्त निरोगी ठरत नाही, जसं १३ वालं आजारी ठरत नाही. कमी आकड्यासाठी सिझर मागणं म्हणजे ताण नको म्हणून ताणाचा फायदाही सोडून देणं. ठरवून केलेल्या सिझरच्या बाळांत फुप्फुसात पाणी राहून धाप लागण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि जितकं लवकर कराल तितकं जास्त. आधीचं सिझर असलेल्या बायकांवरचा २००९ चा एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे. ३७ आठवड्यांना केलेल्या सिझरमध्ये १५ टक्के बाळांना श्वासाचा किंवा दुसरा काही त्रास झाला, ३८ ला ११ टक्के, आणि ३९ ला ८ टक्के. आपल्याकडे मुहूर्त काढून सिझर करतात ना, तिथे मला फार तळमळ वाटते. वैद्यकीय कारण नसताना गुरुपुष्य आहे म्हणून अडतिसाव्या आठवड्यात बाळ बाहेर काढू नका. कुणी आग्रह धरला तर मला फोन लावून दे, मी बोलते.

पण गरज पडली आणि सिझर झालं, तर मन खाऊ नकोस. बाळाचे ठोके पडत असताना सिझर हाच त्याचा जीव वाचवणारा उपाय असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रात चारातलं एक, गोव्यात जवळजवळ ४० टक्के बाळंतपण सिझरने झालेलं आहे. देशभरात तेव्हा सरकारी दवाखान्यांत ते १४ टक्के आणि खासगीत ४७ टक्के होतं, आणि या दोन आकड्यांतली दरी नुसत्या गरजेने भरून निघत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी तो प्रश्न व्यवस्थेला विचारायचा. टाके असलेल्या बाळंतिणीला 'तुला कळा नाही जमल्या' असं सुनावण्याचा हक्क कुणालाच नाही.

सिझरच्या बाळाच्या आतड्यात सुरुवातीला वेगळे जंतू वसतात, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये जवळजवळ ६०० बाळांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते स्पष्ट दिसलं, आणि बाळ वरचं खायला लागेपर्यंत बराचसा फरक भरून आलेलाही दिसला. फोनवर कुणीतरी आईच्या अंगातला स्राव कापसाने बाळाच्या तोंडाला लावायचा व्हिडिओ पाठवेल, ते मात्र अजिबात करू नकोस. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये संशोधनाबाहेर ते करू नका असं सांगितलंय. त्यातून हर्पिसचे किंवा दुसरे घातक जंतू बाळाला लागू शकतात. तुला जे करता येतं ते सोपं आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. नॉर्मल होवो की सिझर, बाळाला लगेच उघड्या छातीवर घे आणि पहिल्या तासात अंगावर पाज. चिकाचं दूध पिवळं, थोडंसं असतं, पण त्यात बाळाला लागणारी प्रतिकारशक्ती असते आणि चांगल्या जंतूंचं खाद्यही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशात जेमतेम ४२ टक्के बाळांना ते पहिल्या तासात मिळालेलं दिसलं. सिझर झालं तरी आईला कुशीवर वळून पाजता येतं, सिस्टरला हाक मार, ती धरेल बाळाला. मध, गुळाचं पाणी, बाळगुटी काहीही चाटवू देऊ नकोस. आजी रागावली तर रागावू दे. मधातल्या जंतूने तान्ह्या बाळाला लकवा होऊ शकतो, हे तिला मी समजावते.

तुझ्या स्वतःच्या वेळी पाणी गेलं की घड्याळ बघून वेळ लिहून ठेव आणि रंग बघ. स्वच्छ आहे, हिरवट आहे की वास येतोय, ते हॉस्पिटलात पोचताच सांग. पाणी जाऊन १८ तास उलटले की बाळाला इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून ती वेळ फाइलवर आलीच पाहिजे. ताप वाटला, लघवीला जळजळ होत असली, तर लपवू नकोस. आणि देव न करो, तुझ्या बाळाचा सीआरपी काढला, तर डॉक्टरांना न घाबरता विचार की रक्त जन्मानंतर कितव्या तासाला घेतलं, दुसरं कधी घेणार, कल्चर पाठवलंय का, त्याचा निकाल कधी येईल, आणि तो चांगला आला तर सुया कधी थांबतील. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात. तुझ्या जावेलाही आजच हे विचारायला सांग. बाळ पेटीत असलं तरी तिने दर दोन-तीन तासांनी दूध काढून पाठवायला हवं, आणि सिस्टरांनी परवानगी दिली की हात धुऊन त्याला छातीशी घ्यायला हवं.

घरी गेल्यावर बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घ्यायला लागलं, छाती आत ओढायला लागलं, झटका आला, किंवा अंग गार पडलं अथवा ३७.५ च्या वर तापलं, तर रिपोर्ट शोधत बसू नकोस. आधीचे सगळे आकडे नॉर्मल असले तरीही बाळाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धर आणि थेट निघ. गाडी नसेल तर १०८ ला फोन कर. पैशांचा विचार आडवा येऊ देऊ नका कुणी. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाची तपासणी, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे.